कोंबडी कोणी मारली? आधी खुणा वाचा, मग जाळी आणा

भातकापणी उरकते, ऊसतोड सुरू होते आणि परसातल्या कोंबड्यांचे दिवस अवघड होतात. शिवारातला आडोसा गेला की उंदीर-घुशी गोठ्याकडे आणि धान्याकडे सरकतात. त्यांच्या मागावर साप, रानमांजर, मुंगूस घरापाशी येतात. त्यात रात्र मोठी होत जाते, म्हणजे कोंबड्या खुराड्यात जास्त वेळ कोंडलेल्या राहतात. अशा दिवसांत एखादी कोंबडी मेली तर घाईने जाळी विकत आणू नका. घारीसाठी बांधलेली जाळी घुशीला अडवत नाही आणि कुत्र्यासाठी घातलेल्या कुंपणातून साप सहज आत येतो. मारणारा कोण हे कळल्यावरच खर्च करा.

पहिला प्रश्न वेळेचा. सकाळी दार उघडल्यावर मेलेली कोंबडी दिसली की राग मुंगसावर निघतो, पण मुंगूस दिवसा फिरते आणि अंधार पडला की बिळात जाते. संध्याकाळी सगळ्या कोंबड्या धडधाकट आत गेल्या आणि पहाटे एक मेली असेल, तर मुंगसावरचा संशय सोडून द्या. रात्री येतात ती रानमांजर, उदमांजर, जवादी मांजर, कोल्हा, घूस, नाग आणि गावातली मोकाट कुत्री. भर दिवसा मुंगूस, शिक्रा, घार, कावळा, घोरपड. कुत्री दोन्ही वेळा येतात, आणि रानमांजर दिवसाही दिसते, विशेषतः ऊस तुटल्यावर.

मग शव नीट पाहा, पण हातात प्लास्टिकची पिशवी घालूनच. पिसांकडे आधी लक्ष द्या. शिकारी पक्षी पिसे उपटतो, त्यामुळे काडी अखंड राहते आणि एका जागी पिसांचा ढीग पडतो. दातांनी ओढलेली पिसे मोडलेली, चावलेली आणि लाळेने चिकटलेली असतात. पिसांची रेघ बांधाकडे किंवा उसाकडे गेली असेल आणि कोंबडीच नाहीशी असेल, तर रानमांजर किंवा कोल्हा. मऊ मातीत ठसा शोधा. मांजरकुळातल्या प्राण्याचा ठसा गोलसर असतो, नखे उमटत नाहीत. कोल्ह्या-कुत्र्याचा लांबट असतो, पुढे नखांचे टिंब दिसतात. मुंगूस आणि उदमांजर यांच्या पायाला पाच बोटे असतात.

जखम कुठे आहे यावरून बरेच कळते. मुंगूस मान आणि डोके धरते, आत शिरले तर एकीवर थांबत नाही. बऱ्याच कोंबड्या मारून मांस फारसे न खाता निघून जाते. कुत्रीही अनेक मारतात, पण पाठ, मांडी, पंख, जिथे तोंड पडेल तिथे चावतात आणि जाळी ओढून वाकवलेली असते किंवा दाराखालची माती उकरलेली असते. उदमांजर बहुधा वरून येते. कौल सरकलेले दिसेल आणि छपरावर किंवा भिंतीवर फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा सापडेल.

पिल्लांचा हिशेब वेगळा. पिल्लू नाहीसे झाले, रक्त नाही, पीस नाही, अंडीही कवचासकट गेली, तर सापाचा संशय घ्या. मेलेल्या पिल्लाचे डोके-मान ओलसर, चिकट दिसली तर सापाने गिळायचा प्रयत्न करून सोडलेले असते. अशा वेळी खुराड्यात हात घालू नका. पोट भरलेल्या सापाला आला त्या फटीतून परत जाता येत नाही, तो कोपऱ्यात पडून असतो. सर्पमित्राला बोलवा. घूस मात्र घाण करून जाते: पिल्लाचे पाय कुरतडलेले, अर्धे पिल्लू बिळाच्या तोंडाशी, शेजारी ताज्या मातीचा ढिगारा. रात्री बसलेल्या मोठ्या कोंबडीचे पायही ती कुरतडते.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. कोंबडीच्या मागच्या बाजूने आतडी ओढलेली आणि बाकी शरीर शाबूत असेल, तर ते काम बहुधा खुराड्यातल्याच कोंबड्यांचे असते. गर्दी, उकाडा, अंगावर पडलेली छोटी जखम किंवा खाद्यात प्रथिने कमी पडली की त्या एकमेकींना टोचतात. जखमी कोंबडी लगेच वेगळी ठेवा आणि जागा वाढवा.

खाणारा आणि मारणारा एकच असतो असेही नाही. आजाराने मेलेली कोंबडी घूस कुरतडते. जिवंतपणी चावा बसला असेल तर जखमेभोवती कातडीखाली रक्त साकळते, मेल्यानंतर कुरतडले तर तिथे रक्त जवळजवळ नसते. जखम नसताना दोन-चार कोंबड्या पाठोपाठ मेल्या, तुरा आणि गलोल (चोचीखाली लोंबणारी कातडी) निळसर पडली, माना वाकड्या झाल्या, हिरवट पातळ हगवण लागली, तर शिकारी शोधू नका. तो राणीखेत किंवा बर्ड फ्लूसारखा साथीचा आजार असू शकतो. 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात बर्ड फ्लूने काय केले ते आपल्या भागातले जुने कुक्कुटपालक सांगतील. अशी कोंबडी फाडू नका, सोलू नका, खाऊ नका, ओढ्यात तर मुळीच टाकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

खात्री होत नसेल तर संध्याकाळी खुराड्याभोवती हातभर रुंद पट्ट्यात चाळलेली राख किंवा बारीक माती पसरा. सकाळी ठसे मोजपट्टीसह मोबाइलवर टिपा.

आता उपाय. षटकोनी कोंबडजाळी कोंबडीला आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती फाडतो, साप आणि लहान उंदीर तिच्यातून जातात. अर्ध्या इंचाची वेल्डमेश (तारा जोडून केलेली चौकोनी घट्ट जाळी) घ्या, खाली फूटभर जमिनीत गाडा किंवा बाहेरच्या बाजूला आडवी पसरून दगड ठेवा. महाग पडते, म्हणून सगळ्या आवाराला नको, रात्रीच्या खुराड्यापुरती पुरे. दाराला नुसती खिट्टी नको, कडी आणि आडणा हवा. सांडलेले दाणे संध्याकाळी झाडून घ्या, उंदीर थांबला की साप थांबतो. पिल्लांना घार-शिक्र्यापासून वाचवायला डालगे किंवा वर ताणलेली मासेमारीची जुनी जाळी चालते.

मेलेल्या कोंबडीत थिमेट हे विषारी कीटकनाशक घालून ठेवणे किंवा कुंपणात वीज सोडणे, हे कृपा करून कोणी करू नका. विषाने आपलीच कुत्री, घारी आणि कधी शेजारचे मूल जाते, विजेने माणसे मरतात. शिवाय मुंगूस, रानमांजर, घोरपड, नाग, धामण यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या ऊसपट्ट्यात आणि आता इतरत्रही, खुराड्याचे लाकूडच मोडलेले आणि तळहाताएवढा गोल, बिननखांचा ठसा दिसला तर तो बिबट्या असू शकतो, माग काढत उसात शिरू नका. मुलांना आत घ्या, दिवा लावून ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. ठशावर घमेले पालथे घालून ठेवा, म्हणजे वनरक्षक येईपर्यंत तो टिकेल.