थांबलेली गाडी आणि बंद गाडी

कॅलिफोर्नियात चालकविरहित गाड्यांच्या कंपनीत नियमपालनाच्या टीममध्ये नवे असाल, तर 'लॉ एन्फोर्समेंट इंटरॅक्शन प्लॅन', म्हणजे पोलीस आणि अग्निशमन दलाने अशा गाडीशी कसं वागायचं याची लेखी माहिती, लवकरच तुमच्या गळ्यात पडेल. सीनियरना तो नकोच असतो. माझ्याही तसाच पडला.

काय लिहायचं ते डीएमव्हीच्या (राज्याच्या वाहन खात्याच्या) नियमांत आहे: गाडी रस्त्यावर असताना कधीही लागणारा फोन, कागदपत्रांची जागा, गाडी रस्त्यातून हलवणं, वर्षातून एकदा तरी उजळणी. एकेका मुद्द्यावर टिक करत मी छत्तीस पानं भरली. मॅनेजर खूश.

मग फायर स्टेशनवर प्रशिक्षणाला गेलो. तिथल्या कॅप्टनने विचारलं, "मी बंपरसमोर उभा आहे. ही आता हलणार नाही, हे मला कशावरून कळेल?" माझ्या प्लॅनमध्ये वाक्य होतं, 'गाडी सुरक्षित अवस्थेत असल्याची खात्री करावी.' कशी करावी? माझी दातखीळच बसली.

इथेच सगळे फसतात. थांबलेली गाडी फक्त वाट बघत असते. पुढचा रस्ता मोकळा दिसला की निघते. एप्रिल २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत हेडलाइट न लावलेली क्रूझ या कंपनीची रिकामी चालकविरहित गाडी पोलिसांनी अडवली. अधिकारी खिडकीत डोकावून मागे वळला आणि गाडी चालू पडली, चौक ओलांडून पुढे जाऊन थांबली. कंपनी म्हणाली, ती सुरक्षित जागा शोधत होती. असेलही! पोलिसाला मात्र ती पळालीच वाटणार. म्हणून लिहा: स्वयंचलित मोड बंद झाला हे बाहेरून कशावरून दिसतं, तो कोण बंद करतं, फोनवरच्या माणसाने नेमकं काय म्हटल्यावर गाडीसमोर जायचं. हे एका पानात बसवा. पावसात, टॉर्चच्या उजेडात छत्तीस पानं कोण वाचणार?

ॲरिझोना राज्यासाठी लिहिलेला जुना प्लॅन उचलून नावं बदलू नका. ते लगेच कळतं. आणि गुरू शोधायचाच तर वकील नको, टो ट्रक चालवणारा शोधा.

घाबरू मात्र नका. मी टेस्टिंगमधून आलो, कायद्याचा गंधही नव्हता. सहा महिन्यांत जमलं.

एक राहिलंच. प्लॅनवरचा नंबर रात्री दोनला स्वतः फिरवून बघा. आमचा लागला, पण आधी 'इंग्रजीसाठी एक दाबा' ऐकावं लागलं.