अडुळशाच्या भुकटीतले हरवलेले स्फटिक

खानापूरच्या आठवडी बाजारातून आणलेली अडुळशाच्या पानांची भुकटी अस्सल आहे की तिच्यात महारुख या दुसऱ्या झाडाचा पाला मिसळलेला आहे, हे मला सूक्ष्मदर्शकाखाली ठरवायचे होते. अडुळशाच्या पानात कॅल्शियम कार्बोनेटचे लांबट, चिरूटाच्या आकाराचे सिस्टोलिथ, म्हणजे पेशींत साठलेले खडे, असतात, महारुखात ते नसतात. मला मात्र एकही सिस्टोलिथ दिसेना, म्हणून घराच्या परसातले, खात्रीचे अडुळशाचे पान वाळवून कुटले, तर त्यातही काही नाही! तेव्हा चूक माझ्याच पद्धतीत आहे हे उमगले. काष्ठतंतू रंगवण्यासाठी मी आधीच हायड्रोक्लोरिक आम्ल वापरत होतो आणि त्यात कार्बोनेट तर विरघळतेच, पानातले कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिकही टिकत नाहीत.

आता पहिली काचपट्टी केवळ पाणी आणि ग्लिसरिनमध्ये करतो. सिस्टोलिथ स्पष्ट दिसल्यावर झाकणकाचेच्या कडेने सौम्य अ‍ॅसेटिक आम्लाचा एक थेंब सोडतो. बारीक बुडबुडे निघून सिस्टोलिथ विरत जातो, तर शेजारचे ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक जसेच्या तसे राहतात. बाजारातल्या भुकटीतही सिस्टोलिथ भरपूर निघाले. त्यावरून अडुळसा आहे एवढेच ठरते, भेसळ मुळीच नाही असे नव्हे, त्यामुळे महारुखाच्या खुणा मी अजून स्वतंत्रपणे शोधतो आहे.