आई-बाबांना आणि मुलांना घेऊन केनेडी स्पेस सेंटर: एक दिवस कसा लावायचा

फ्लोरिडाला येणारे बरेच जण थीम पार्कांना चार दिवस देतात आणि केनेडी स्पेस सेंटरला, म्हणजे नासा जिथून रॉकेटं सोडते त्या जागेला, उरलेली एक दुपार, तसं अजिबात करू नका, पूर्ण दिवस ठेवा. ऑर्लँडोहून गाडीने साधारण तासभर लागतो. तिकिटं आधीच ऑनलाइन काढा, घरून पोटभर पोहे-पराठे खाऊन निघा आणि गेट उघडायच्या वेळेला तिथे हजर राहा. पार्किंगचे पैसे वेगळे पडतात.

आत गेल्यावर रॉकेट गार्डन दिसतं आणि पोरं तिथून हलत नाहीत, तरी त्यांना उचलून आधी बसकडे न्या. बस तिकिटातच असते, ती माणसांना चंद्रावर नेणारं सॅटर्न ५ रॉकेट जिथे ठेवलंय तिथे नेते, आणि शेवटची बस सेंटर बंद व्हायच्या बरीच आधी सुटते, ती चुकली की अर्धी ट्रिप गेली. लाँच असेल त्या दिवशी बसचं वेळापत्रक बदलू शकतं म्हणून निघायच्या आधी वेबसाइट बघाच.

सॅटर्न ५ म्हणजे ३६३ फुटांचं रॉकेट, आडवं टांगलंय, पाच इंजिनांच्या बाजूने सुरुवात करून त्याच्या खालून टोकापर्यंत चालत जा, आई-बाबांना मध्ये बसू द्या, घाई करू नका. तिथेच चंद्रावरचा दगड आहे आणि त्याला हात लावता येतो, बोटं लागून लागून गुळगुळीत झालाय. आमच्या आईने बोट टेकवलं आणि तोच हात कपाळाला लावला. जेवण तिथेच उरकून घ्या.

दुपारी ऊन चढतं, उन्हाळ्यात तर गडगडाटी पाऊसही येतो, म्हणून ती वेळ अटलांटिस या स्पेस शटलसाठी राखून ठेवा, सगळं एसीत आहे. आत गेल्यावर आधी फिल्म दाखवतात, मग काय होतं ते मुलांना आधी सांगू नका प्लीज. यान खरंखुरं, ३३ वेळा अंतराळात जाऊन आलेलं. ४३.२१ अंशात तिरकं ठेवलंय त्यामुळे पोटाखालच्या, उष्णतेपासून वाचवणाऱ्या काळ्या टाइल्स अगदी जवळून दिसतात, त्यांच्यावरचे भाजल्याचे डागसुद्धा. मुलांना सांगा की २००७ मध्ये सुनीता विल्यम्स याच यानातून पृथ्वीवर परत आली, मग त्यांचं बघणंच बदलतं. लाँचचा अनुभव देणारी सिम्युलेटर राइड पण इथेच आहे, खूप हादरे बसतात, पाठीचं किंवा हृदयाचं दुखणं असणाऱ्यांनी टाळावी, लहान मुलांना उंचीची अट आहे.

त्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर चॅलेंजर आणि कोलंबिया या शटलच्या अपघातांत गेलेल्या १४ अंतराळवीरांचं स्मारक आहे, तिथे आवाज न करता जा. कोलंबियाच्या कॉकपिटच्या खिडक्यांच्या चौकटी ठेवल्यात, काच नाही, नुसत्या चौकटी. कल्पना चावलाच्या वस्तूंसमोर आम्ही सगळेच बराच वेळ उभे होतो, बाबा काही बोललेच नाहीत.

निघताना बाहेरच्या काळ्या ग्रॅनाइटच्या स्मारकावर कल्पनाचं नाव शोधा, मुलांनाच शोधू द्या.