लेबर रूमच्या पहिल्या नाइटआधी करून ठेवायची तयारी

पहिली नाइट ड्युटी लागली की डॉक्टर होऊ घातलेली पोरं ॲप्रन धुतात, स्टेथोस्कोप शोधतात आणि एक्लॅम्प्सियाचा (गरोदरपणात बीपी वाढून येणाऱ्या झटक्यांचा) धडा संध्याकाळभर वाचत बसतात. धडा वाचा, ना नाही. पण मी माझ्या विद्यार्थ्यांना जी यादी सांगते ती थोडी वेगळी आहे. हिस्टरीतला, म्हणजे पेशंटला विचारून माहिती घेतानाचा, प्रत्येक प्रश्न पुढच्या कुठल्या तरी निर्णयासाठी असतो. तो निर्णय कोणता, हे प्रश्न पाठ करतानाच पक्कं करून ठेवा. रात्री तीनला डोकं चालेनासं झालं तरी मग हात बरोबर जागी जातो.

पहिली तयारी फोनमध्ये. चालू वर्षाचं आणि मागच्या वर्षाचं मराठी कॅलेंडर सेव्ह करून ठेवा. हसू नका. शेवटच्या पाळीची तारीख विचारली की उत्तर येतं, "गौरी जेवल्या त्या दिवशीच आली होती." २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. अंदाजाने तारीख लिहिलीत तर दहा-अकरा दिवस कुठेच गेले. ३३ आठवडे आणि साडेचौतीस आठवडे यांत फरक तेवढाच, आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं की नाही हे तिथेच ठरतं. गौरी पूजन ११ सप्टेंबर २०२४, त्यात नऊ महिने सात दिवस मिळवा, बाळंतपणाची अंदाजे तारीख १८ जून २०२५. हा हिशेब बोटांवर यायला हवा, आणि पाळी दर २८ दिवसांनी येत असेल तरच तो खरा, हेही लक्षात हवं. सुरुवातीच्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी हाताशी असेल तर ती आधी बघा.

"पाळी कधी चुकली?" असं विचारू नका. चुकल्याची तारीख सांगणारी बाई तुम्हाला सरळ एका महिन्याने फसवते, आणि चूक तिची नसते. "शेवटची आली ती कधी?" असं विचारा. तसंच "नववा लागलाय" म्हणजे आठ भरलेत. केसपेपरवर नऊ महिने लिहून मोकळे झालेले मी दरवर्षी पाहते.

सासूबाई किंवा नणंद शेजारी उभ्या असतील तर एकदा तरी त्यांना औषधाच्या चिठ्ठीच्या निमित्ताने बाहेर पाठवा. "पहिलंच ना?" या प्रश्नाला घरच्यांसमोर उत्तर "हो"च येतं. आधी एकदा खाली झालेलं (गर्भ पडलेला) असतं, कधी गोळ्या घेतलेल्या असतात, कधी आधीच्या लग्नातलं सिझर असतं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर आधीचा गर्भ महत्त्वाचा, आणि गर्भपिशवीवर जुना टाका असेल तर कळा वाढवायचं औषध लावण्याआधी दहादा विचार करावा लागतो. पडदा ओढा, तपासताना सिस्टरना किंवा मावशींना सोबत ठेवा, आणि पेशंटला "ताई" म्हणा. "ए बाई, पाय वाकव" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

दमा आहे का, बीपीची गोळी चालू आहे का, हे ॲडमिशनलाच विचारा आणि केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहा. बाळंतपणानंतर पिशवी आवळली नाही आणि रक्त वाहायला लागलं की हे विचारायला कुणाला सवड नसते. पिशवी आवळायच्या औषधांपैकी बीपी जास्त असेल तर मेथर्जिन चालत नाही, दमा असेल तर कार्बोप्रोस्ट चालत नाही. रक्त थांबवायला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम शिरेतून, तेही बाळंतपणापासून तीन तासांच्या आत. त्यामुळे बाळ बाहेर आल्याची वेळ नीट लिहिणं हा उपचाराचाच भाग.

रक्त किती गेलं, हे डोळ्याला कळत नाही. आपण सगळेच कमी सांगतो. म्हणून ड्युटीच्या आदल्या दिवशी दुपारी, लेबर रूम शांत असताना, मुदत संपलेल्या सलाइनच्या ५०० मिलीच्या बाटलीत थोडं बीटाडीन घाला. ती आधी किडनी ट्रेमध्ये ओता, मग पॅडवर, मग थोडी फरशीवर. पुसून तुम्हीच घ्या, नाहीतर मावशी पुढचे सहा महिने विसरणार नाहीत. नॉर्मल बाळंतपणात ५०० मिलीपासून पुढे रक्तस्राव म्हणायचा, पण हिमोग्लोबिन ६ असलेल्या बाईला तेवढंही जड जातं. आकड्याकडे बघता बघता नाडी धरा. नाडीचा आकडा वरच्या बीपीच्या पुढे गेला की मोजत बसू नका, ओरडा. विदर्भात किंवा नंदुरबारकडे पोस्टिंग असेल तर सिकलसेलची (लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली आहे का, हे हिमोग्लोबिनसोबतच बघायची सवय लावा.

आता औषधांचा ट्रे. मॅगसल्फचा (मॅग्नेशियम सल्फेट, एक्लॅम्प्सियाच्या झटक्यांवरचं औषध) डोस पाठ असतो, पण तो ॲम्प्युलमध्ये मोजलेला नसतो. ५० टक्क्यांची २ मिलीची एक ॲम्प्युल म्हणजे १ ग्रॅम. शिरेतून ४ ग्रॅम म्हणजे चार ॲम्प्युल, त्यात १२ मिली डिस्टिल्ड वॉटर, एकूण २० मिली, सावकाश. मग दोन्ही कुल्ल्यांत प्रत्येकी ५ ग्रॅम, म्हणजे आणखी दहा. एकूण चौदा. ट्रेमध्ये चौदा आहेत का ते ड्युटीवर चढताच स्वतः मोजा. पुढे दर चार तासांनी ५ ग्रॅम, पण त्याआधी गुडघ्याचा जर्क (ठोकल्यावर पाय उडणं) येतो का, श्वास मिनिटाला सोळा तरी आहे का, लघवी तासाला ३० मिली होते का, हे तीनही बघून. जर्क गेला तर पुढचा डोस नाही. मॅगसल्फ जास्त झालं तर त्यावरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, त्याच ट्रेमध्ये हवं, कपाटात नको. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते त्या सिस्टर नेमक्या त्याच वेळी वॉर्डात असतात. डोस द्यायचा निर्णय तुमचा नाही, रेसिडेंटचा. ट्रे तयार ठेवण्याचा मात्र तुमचा. युनिटचा प्रोटोकॉल भिंतीवर असतो, त्यात वेगळं काही असेल तर तेच पाळायचं.

न करण्याच्या गोष्टींचीही तयारी असते. शेवटच्या महिन्यांत न दुखता अंगावरून लाल जात असेल तर वार खाली आहे का हे सोनोग्राफीत कळेपर्यंत पीव्ही, म्हणजे बोटांनी आतून तपासणी, नाही. हातमोजे चढवून उभ्या असलेल्या उत्साही मुलाला मागे ओढायची वेळ माझ्यावर दोनदा आली आहे.

पार्टोग्राफचा (बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याच्या तक्त्याचा) कोणता कागद तुमच्याकडे वापरतात ते विचारून घ्या. जुन्यात पिशवीचं तोंड ४ सेंटीमीटर उघडल्यापासून नोंद सुरू होते, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या लेबर केअर गाइडमध्ये ५ पासून. परीक्षेतही विचारतात. शिरोडकर टाकाही (गरोदरपणात पिशवीचं तोंड बंद ठेवायचा टाका) विचारतात. १९५५ मध्ये तो मांडणारे डॉ. शिरोडकर मूळ गोव्याचे आणि मुंबईत काम करणारे, एवढं सांगितलंत की परीक्षक जरा सैल होतात, हा माझा अनुभव.

आता माझीच फजिती सांगते, कारण यादीतला पुढचा मुद्दा तिच्यातून आला. इंटर्न होते, कॅज्युअल्टीत बसले होते. तिशीतली बाई, पोटात दुखतंय, घरी चक्कर येऊन पडली, खांदाही दुखतोय. पाळीचं विचारलं तर म्हणाली, थोडं थोडं जातंय. आणि लगेच, "पण माझं ऑपरेशन झालंय." दोन मुलांनंतर केलेलं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन. मी मनातल्या मनात गर्भाचं दार बंद केलं आणि सर्जरीला रेफरन्स लिहिला, अपेंडिक्स असावं म्हणून. सर्जरीच्या रजिस्ट्रारने पेपर उघडला आणि एकच विचारलं, "यूपीटी?" म्हणजे लघवीवरची गर्भचाचणी. मी केली नव्हती. केली तर पॉझिटिव्ह. गर्भ नळीत राहून नळी फुटली होती, पोटात रक्त साचलं होतं, आणि खांदा दुखत होता तो त्या रक्तामुळे. बाई वाचली. मी आठवडाभर त्या रजिस्ट्रारसमोर गेले नाही.

नसबंदीनंतर गर्भ क्वचितच राहतो, पण राहिला तर तो नळीत असण्याचा धोका बराच जास्त. हे मला पाठ होतं, लेखी परीक्षेत लिहिलंही होतं. कमी पडलं ते वेगळंच. तेव्हापासून खिशातल्या डायरीत प्रत्येक पेशंटसाठी तीन ओळी लिहिते: मला काय वाटतं, मी काय करेन, आणि काय दिसलं तर माझं मत बदलेल. तिसरी ओळ रिकामी राहिली तर पेशंटकडे परत जायचं. त्या रात्री ती ओळ असती तर तिथे यूपीटी लिहिण्यावाचून इलाज नव्हता. तेव्हा पाळीच्या वयातली, पोटात दुखणारी बाई आली की यूपीटी, मग ती कुमारिका असो, विधवा असो की ऑपरेशन झालेली.

कायद्याचं थोडक्यात. सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला तिची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, पुढे २०२१ च्या दुरुस्तीनुसार ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी चोवीसपर्यंत दोघांचं. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) लागतो, पोलिसांना कळवावं लागतं. पण ती गर्भपातासाठी आली असेल आणि तिने व पालकांनी विनंती केली, तर कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. तुम्ही स्वतः काही ठरवू नका, लगेच सीनियरना सांगा, आणि कॅन्टीनमध्ये तिच्याबद्दल अवाक्षर नको.

सीनियरना कधी उठवायचं हे दिवसाउजेडी ठरवा. बीपी १६०/११०, बाळाचे ठोके ११० च्या खाली किंवा १६० च्या वर, झटका, रक्त, नाळ बाहेर दिसणं, पाणी हिरवं जाणं. फोनवर "मॅडम, पेशंट बरी वाटत नाही" म्हणू नका. असं म्हणा: "तेवीस वर्षांची पहिलटकरीण, अडतीस आठवडे, बीपी १७०/११०, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, मॅगसल्फ काढून ठेवलंय, तुम्ही या." हे वाक्य आरशासमोर दोनदा मोठ्याने म्हणून बघा. शिव्या पडल्याच तर उठवल्याबद्दल पडू द्या.

जेवून जा. केस बांधा, नखं कापा, धुता येतील अशा चपला घाला. सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्युटीला पेशंट सोपवताना, कळा सुरू असलेल्या प्रत्येकीजवळ उभं राहून द्या, टेबलावर बसून नको. आणि निघण्याआधी ट्रे पुन्हा मोजा. रात्रीत चौदा वापरल्या असतील तर पुढच्या पोरासाठी चौदा भरून ठेवा.