घरात कॉम्प्युटर एक, माइक एक: परवानगी कुणाला आणि कशी द्यायची

परभणीत आमच्या बैठकीत दिवाणाशेजारी एकच कॉम्प्युटर आहे. त्यावर लेकीचा ऑनलाइन क्लास, धाकट्या दिरांचा दुकानाचा हिशोब आणि माझं ओव्या रेकॉर्ड करण्याचं काम. दिवाळीत गंगाखेडच्या आत्याबाई आल्या होत्या. जात्यावरच्या ओव्या त्यांना अजून तोंडपाठ. मी माइक जोडला, त्या पदर सावरून बसल्या, पहिली ओवी म्हणून झाली तरी रेकॉर्डिंग सुरूच होईना. खटपट करता करता गाडीची वेळ झाली. त्या दिवशीच्या ओव्या गेल्या त्या गेल्याच, याची चुटपुट अजून आहे.

कारण नंतर सापडलं. विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज' उघडून 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त 'मायक्रोफोन'वर जा. सगळ्यात वरचं 'मायक्रोफोन अ‍ॅक्सेस' हे बटण अख्ख्या कॉम्प्युटरचं. ते अ‍ॅडमिन (म्हणजे कॉम्प्युटरचा मुख्य ताबा असलेल्या) खात्यातूनच बदलता येतं. त्याखालचं 'लेट अ‍ॅप्स अ‍ॅक्सेस युवर मायक्रोफोन' मात्र ज्याच्या त्याच्या खात्यापुरतं असतं. माझ्या खात्यात ते चालू होतं, पण त्या दिवशी मी लेकीच्या खात्यात बसले होते आणि तिथं ते बंद होतं.

त्याच पानावर आणखी खाली 'लेट डेस्कटॉप अ‍ॅप्स अ‍ॅक्सेस युवर मायक्रोफोन' आहे. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेल्या अ‍ॅप्सना एकेकाला हो-नाही म्हणता येतं, तसं इथं नाही. आवाज रेकॉर्ड करायचं ऑडॅसिटी असो की क्रोम ब्राउझर, सगळ्या डेस्कटॉप प्रोग्रामना मिळून हे एकच बटण. म्हणजे क्लाससाठी क्रोमला माइक द्यायचा तर त्या खात्यातल्या बाकीच्या प्रोग्रामनाही तो मोकळा होतो. म्हणून प्रत्येकाचं खातं वेगळं हवंच. दिरांना हिशोबाला माइक लागत नाही, त्यांच्या खात्यात तो सरळ बंद.

लेकीच्या खात्यात दुसरा अडसर ब्राउझरचा लावला. क्लासची साइट उघडून पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा, तिथं मायक्रोफोनची परवानगी दिसते. ती फक्त क्लासला दिली. दुसरी कुठली साइट मागायला लागली तर लेक आधी मला हाक मारते. बैठकीत घरातलं सगळं बोलणं होतं, पैशापाण्याचं, दुखण्याखुपण्याचं. ते बाहेर जायला नको.

उठताना 'साइन आउट' करा. नुसतं खातं बदललं तर आधीच्या माणसाचे प्रोग्राम मागं चालूच राहतात. खाली टास्कबारवर माइकचं चिन्ह दिसलं तर त्यावर बाण नेऊन कोण ऐकतंय ते बघा.

सगळं चालू असूनही एखाद्या प्रोग्रामला माइक मिळत नसेल, तर कंट्रोल पॅनेलमधल्या जुन्या 'साउंड' खिडकीत 'रेकॉर्डिंग'मध्ये माइकच्या 'प्रॉपर्टीज' उघडा. 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये एकाच प्रोग्रामला माइकचा पूर्ण ताबा घेऊ देणारी खूण असते, ती काढा.

काम झालं की मी माइकची वायर काढून कपाटात ठेवते. आत्याबाई अक्षय्य तृतीयेला येणार आहेत. त्या दिवशी सकाळीच, ज्या खात्यात रेकॉर्डिंग करायचं त्याच खात्यात बसून, दहा सेकंद माझा आवाज भरून ऐकणार, मगच त्यांना दिवाणावर बोलावणार.