बारा पायऱ्या आणि ख्रिस्ती विश्वास : नवीन येणाऱ्यांसाठी

बारा पायऱ्या म्हणजे दारू सोडण्यासाठी अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संघटनेच्या गटांत चालणारा कार्यक्रम. चर्चमधून अशा गटात आलेल्याला तिसरी पायरी सोपी जाते. स्वतःला देवाच्या हाती सोपवणं ही भाषा त्याच्या ओळखीचीच असते. गाडी अडते ती चौथीवर, म्हणजे स्वतःच्या मागच्या आयुष्याचा लेखी हिशेब मांडण्यावर. ‘प्रभूने क्षमा केली, आता मागचं कशाला उगाळायचं’ असं म्हणत तो थेट बाराव्या, म्हणजे इतर दारुड्यांपर्यंत संदेश पोचवण्याच्या पायरीवर जातो आणि साक्ष द्यायला लागतो. अशा घाईतून पुन्हा बाटलीकडे वळलेले गटात पुष्कळ भेटतात.

त्याआधी एक गोष्ट. रोज भरपूर पिणाऱ्याने नुसत्या प्रार्थनेच्या भरवशावर एका रात्रीत दारू तोडू नये. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम आणि तीव्र थरथर सुरू होऊन जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग पायऱ्या.

पायऱ्यांमधले ‘आम्हाला उमगला तसा देव’ हे शब्द ऐकून काहींना वाटतं, इथे येशूला जागा नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमस 1935 मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावात उभं राहिलं ते ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या बैठकांतूनच. सुरुवातीचे सभासद याकोबाचं पत्र आणि डोंगरावरचं प्रवचन वाचत. पुढे शब्द मोकळे ठेवले, ते नास्तिकालाही आत येता यावं म्हणून. मीटिंगमध्ये आपल्या श्रद्धेबद्दल बोलायला हरकत नाही. दुसऱ्याला उपदेश करायला आहे.

चौथ्या पायरीला वही लागतेच. चार रकाने आखा : राग कोणावर, कशामुळे, त्यामुळे माझं काय दुखावलं, आणि त्यात माझा वाटा काय. रकाने आडवे नव्हे, उभे भरा. आधी सगळी नावं, मग सगळी कारणं. आडवं भरत गेलं की पहिल्याच नावापाशी संताप उसळतो आणि वही मिटते. एक ओळ अशी दिसेल : थोरला भाऊ; वडिलांसमोर मला दारुड्या म्हणाला; स्वाभिमान, घरातली पत; त्याचे उसने घेतलेले पैसे मी बुडवले होते. ‘मी महापापी आहे’ हे वाक्य कितीही नम्र वाटलं तरी इथे कुचकामी, कारण त्यात एकही प्रसंग नाही.

पाचव्या पायरीत देवाजवळ, स्वतःजवळ आणि आणखी एका माणसाजवळ कबुली द्यायची असते. विश्वासणारे नेमका तिसरा भाग गाळतात. याकोब 5:16 तर पातकं एकमेकांजवळच कबूल करायला सांगतो! कॅथलिकांनी पापनिवेदन जरूर करावं, पण रांगेतल्या पाच-दहा मिनिटांत ही वही संपत नाही; दोन-तीन तासांची निवांत वेळ मागून घ्या. ऐकणारा स्पॉन्सर (गटातला वाट दाखवणारा जुना सभासद) असेल किंवा पाळक. गुप्तता पाळणार का, हे त्याला आधीच स्पष्ट विचारा. जोडीदाराला मात्र ऐकायला बसवू नका. त्याच्याच जखमा त्या वहीत असतात.

नववीसाठी, म्हणजे केलेलं नुकसान भरून देण्यासाठी, बायबलमधला जकातदार जक्कय डोळ्यांसमोर ठेवा. त्याने नुसती माफी मागितली नाही, चौपट परत करायची तयारी दाखवली. पैसे बुडवले असतील तर हप्ता ठरवूनच दारात जा. ज्या कबुलीने समोरच्याचं किंवा तिसऱ्या कोणाचं नुकसान होईल, तिथे थांबायचं. कुठे थांबायचं हे एकट्याने ठरवू नका, स्पॉन्सरला विचारा. नाहीतर भित्रेपणालाही दयेचं नाव मिळतं.

दहावी आणि अकरावी रोजच्या आहेत : रात्री दिवसाची उजळणी, सकाळी प्रार्थना. इग्नेशियन (संत इग्नेशियसच्या) पद्धतीने रोज आत्मपरीक्षण करणाऱ्यांना यात नवं फारसं काही नाही.

राहिला प्रभुभोजनाचा प्याला. त्यात खरी वाइन असेल तर पाळकांना उपासनेआधीच गाठा. द्राक्षरसाची सोय अनेक मंडळ्यांत होते, आणि कॅथलिक शिकवणीनुसार नुसती भाकर घेतली तरी ख्रिस्तप्रसाद पूर्णच असतो. वेदीपाशी पोचल्यावर ठरवायची ही गोष्ट नव्हे.