बर्फाळ उतारावरून गाडी खाली कशी आणावी

हिमाचलमधला अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला आणि रोहतांग खिंड न चढताच पलीकडच्या लाहौलमधल्या सिस्सू गावापर्यंत पोचायची सोय झाली. तेव्हापासून पुण्या-मुंबईहून स्वतःची गाडी घेऊन ऐन हिवाळ्यात तिकडे जाणारेही वाढले. निघण्याआधी त्यांना जो सल्ला मिळतो तो जवळजवळ सगळा चढाचा असतो. चढावर गाडी घसरली तर फार तर खाली उतरून धक्का मारावा लागतो. दरीत जातात त्या गाड्या उतारावरच्या. बोगद्याचं मनालीकडचं तोंड ३,०६० मीटरवर आहे आणि मनाली २,०५० मीटरच्या आसपास. म्हणजे परतताना पंचवीसेक किलोमीटरमध्ये हजार मीटर खाली यायचं असतं, आणि तेही बहुतेक जण दुपार कलल्यावर निघतात, दिवसभर वितळलेलं पाणी रस्त्यावर पुन्हा गोठत असतं तेव्हा.

गाडी

एसयूव्हीसारखी दिसते म्हणून गाडी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी, होत नाही. नेक्सॉन आणि क्रेटा पुढच्या चाकांवर चालतात, आणि थारसुद्धा २०२३ पासून फोर बाय टूमध्ये (दोनच चाकांना ताकद) मिळते. बर्फ पडल्यावर पुढे फक्त फोर बाय फोर किंवा चेन (टायरभोवती बांधायच्या साखळ्या) लावलेल्या गाड्या सोडतात, तेव्हा गाडीचे कागद आधी बघा. फोर बाय टूमध्ये निवड करायचीच असेल तर मागच्या चाकांवर चालणाऱ्या रिकाम्या गाडीपेक्षा पुढच्या चाकांवर चालणारी छोटी हॅचबॅक मी कधीही पसंत करीन, कारण इंजिनाचं वजन ओढणाऱ्या चाकांवरच असतं. ब्रेक मात्र कुठल्याही गाडीला चारच चाकांचे. फोर बाय फोर गाडी निघते लवकर, थांबत लवकर नाही.

टायर

गुळगुळीत टायर असतील तर जाऊ नका. हवा दारावरच्या स्टिकरवर लिहिली असेल तेवढीच ठेवा आणि तिथे गेल्यावर सकाळी गार टायरवर पुन्हा तपासा. ‘बर्फात हवा कमी करायची’ हा सल्ला भुसभुशीत, खोल बर्फापुरता ठीक आहे. कडक गोठलेल्या रस्त्यावर त्यानं काही साधत नाही.

चेन

ओढणाऱ्या चाकांना लावा, सपाट जागेवर लावा, आणि थोडं अंतर जाऊन पुन्हा आवळा. घरच्या पार्किंगमध्ये एकदा लावून बघा. गारठलेल्या बोटांनी ते काम शिकता येत नाही. उतरताना मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. चेन फक्त पुढे असेल तर वळणावर गाडीचा मागचा भाग फिरतो. फक्त मागे असेल तर स्टेअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. चारही चाकांना चेन मिळाली तर उत्तम.

उतार

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो हे शिकायला, आणि अजूनही मी इथे घाई करत नाही.

आधी आकडे बघा. कोरड्या डांबरावर ताशी ४० च्या वेगाला कचकन ब्रेक मारला तर गाडी साधारण ९ मीटरमध्ये थांबते. गोठलेल्या सपाट रस्त्यावर तिलाच साठेक मीटर लागतात. वेग २० वर आणला तर सोळाएक मीटर. पण हा हिशोब सपाट रस्त्याचा झाला. शंभर मीटरला दहा मीटर असा उतार असेल आणि खाली काचेसारखा बर्फ, तर टायरची पकड आणि उताराची ओढ जवळजवळ सारखी होते. मग ब्रेक कितीही दाबा, गाडी थांबतच नाही. इथे कौशल्य, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जॅम होऊ न देणारी यंत्रणा), महागडी गाडी, कशाचाच उपयोग नाही. म्हणून निर्णय उतार सुरू व्हायच्या आधी घ्यायचा असतो.

तो असा. उताराच्या माथ्यावर, सपाटीला, पूर्ण थांबा. खाली उतरून बुटानं रस्ता घासून बघा. पाय सरकतोय आणि खालच्या वळणावर गाड्या अडकल्यात असं दिसलं तर जाऊ नका. रेती पडेपर्यंत थांबा. मागचे हॉर्न वाजवोत. समोरून चढणारी गाडी दिसत असेल तर तिला आधी वर येऊ द्या, कारण अरुंद जागी ती समोर आली की तुम्हाला थांबता येणार नाही.

निघायचं ते पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं. क्लचवरून पाय काढा. आपल्याकडे घाटात क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडायची वाईट सवय अनेकांना आहे; बर्फावर ती जिवावर बेतते. फोर बाय फोर असेल तर ‘फोर लो’, म्हणजे चारही चाकांचा सगळ्यात संथ गिअर, टाका. चढापेक्षा त्याची खरी किंमत इथे कळते, कारण इंजिन चारही चाकांना सारखं धरून ठेवतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन फक्त मागची चाकं रोखतं आणि मागचा भाग बाजूला सरकू शकतो, म्हणून जोडीला ब्रेकचा अगदी हलका स्पर्श हवा. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोडवर पहिला गिअर धरा, गाडीला स्वतः गिअर बदलू देऊ नका.

चाकं कुठे ठेवायची? आधीच्या गाड्यांनी पाडलेल्या चकचकीत पट्ट्यांत नाही. त्या दाबून दाबून आरशासारख्या झालेल्या असतात. डोंगराच्या बाजूला कडेचा खडबडीत, रेती मिसळलेला बर्फ असतो, निदान एका बाजूची चाकं त्यावर ठेवा. सावलीतली वळणं, पूल आणि रस्त्यावरून झिरपणारं पाणी दिसलं की तिथे बर्फ आहे असंच धरून चाला. बोगद्याचं तोंडही तसंच: आत रस्ता कोरडा, वेग वाढलेला, आणि बाहेर पडल्या पडल्या बर्फ.

ब्रेक लावायचा तो सरळ रस्त्यावर, वळणाच्या आधी. वळताना फक्त वळा. तरी पुढची चाकं घसरलीच तर स्टेअरिंग आणखी पिळू नका. थोडं सरळ करा, ब्रेक सोडा, पकड आली की मग वळवा. मागचा भाग सुटला तर तो ज्या बाजूला जातोय त्याच बाजूला स्टेअरिंग हलकेच फिरवा आणि नजर जायचं आहे तिकडे ठेवा, दरीकडे नाही. एबीएस असलेल्या गाडीत ब्रेक पुन्हा पुन्हा दाबू-सोडू नका, एकदाच दाबून धरा. पायाखाली होणारी थरथर म्हणजे ते काम करतंय. आणि काहीच जमेना, तर गाडी डोंगराच्या बाजूच्या बर्फाच्या ढिगात घाला. बंपर नवा मिळतो.

अडकलात तर

कोंडीत रात्र काढायची वेळ आली तर इंजिन चालू ठेवण्याआधी सायलेन्सरसमोरचा बर्फ उकरा आणि काच बोटभर उघडी ठेवा. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या हिल स्टेशनला बर्फात अडकलेल्या गाड्यांतले वीसहून जास्त पर्यटक दगावले; त्यातले काही इंजिनाच्या धुरातल्या विषारी वायूनं गेले. पुढे बर्फ पडत राहिला तर दर थोड्या वेळानं उतरून सायलेन्सर पुन्हा मोकळा करा.

मुक्कामी

हँडब्रेक ओढू नका, तो गोठून अडकतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा. वायपर उभे करा. रेडिएटरमध्ये साधं पाणी भरलेलं असेल तर ते घरीच बदलून निम्मं कूलंट, निम्मं पाणी करा. डिझेल गाडी असेल तर इकडचं डिझेल टाकीत फार उरू देऊ नका, कडक थंडीत ते घट्ट होतं; लाहौलमध्ये शिरण्याआधी तिकडच्या पंपावर भरा. सकाळी काचेवर गरम पाणी ओतू नका, तडा जातो. ब्लोअर चालू करा, खरवडा आणि ऊन रस्त्यावर येईपर्यंत चहा घ्या.